अप्पासाहेबांच्या बंदुकीचा दाखला

दसऱ्याच्या सकाळी डॉक्टर शंतनु गद्रे तीनदा चहा प्यायला आणि तिन्ही वेळा चहाला चव नाही म्हणून बायकोवर करवादला. चहात काही कमी नव्हतं. त्याच्याच जिवाला चैन नव्हती, आणि ते का, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दहा वाजता जगदाळ्यांकडे शस्त्रपूजेला जायचं होतं. दरवर्षी तो आवडीनं जायचा. या वर्षी पाय निघत नव्हता, आणि न जाणंही बरं दिसणार नव्हतं.

जगदाळ्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. फौज गेली, संस्थान गेलं, अप्पासाहेबांनी स्वतः जन्मभर विमा कंपनीत टेबलखुर्ची सांभाळली, पण मिशा फौजेतल्याच ठेवल्या. आणि बंदूक ठेवली. वडिलांकडून आलेली बारा बोरची दुनळी, रीतसर परवान्याची. अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला त्यांचं तीन मजली घर होतं. त्यात जुनं म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं, त्यामुळे घराची सगळी ऐट त्या बंदुकीवर येऊन बसली होती. शंतनुचे वडील शंकरराव पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात स्टोअर कारकून होते. शंतनु मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते गेले, आणि पुढच्या प्रत्येक परीक्षेला अप्पासाहेब त्याला स्वतःच्या स्कूटरवरून सोडायला यायचे, पेपर सुटेपर्यंत फाटकाशी थांबायचे. अशा माणसाला नाही म्हणायला जीभ उचलत नाही.

नेमकं तेच तीन आठवड्यांपूर्वी झालं होतं. अप्पासाहेबांचा मुलगा विक्रांत, शंतनुचा शाळेपासूनचा दोस्त, वडिलांना घेऊन दवाखान्यात आला. परवान्याचं नूतनीकरण होतं. आता त्याला डॉक्टरचा दाखला लागतो, माणूस शरीरानं आणि मनानंही ठीक आहे असा. अप्पासाहेब अठ्ठ्याहत्तरचे. बंदूक विक्रांतच्या नावावर करायचा अर्ज गेलेला होता, पण तोवर वडिलांचा परवाना जिवंत राहायला हवा. तो बुडाला की बंदूक ठाण्यात जमा, आणि ठाण्यात गेलेली वस्तू परत बघायला मिळत नाही, असं विक्रांतचं म्हणणं. बाहेर तापाचे पेशंट खोळंबले होते. शंतनुनं रीत म्हणून विचारलं, अप्पासाहेब, आज वार कोणता? अप्पासाहेब मिशीत हसून म्हणाले, "तुझ्याकडे एवढी गर्दी म्हणजे सोमवारच असणार." सगळे हसले. शंतनुही हसला. हसता हसता त्याला कळलं होतं की हे उत्तर नाही, ही पळवाट आहे. विसरायला लागलेली हुशार माणसं अशीच थट्टेच्या आडून निसटतात. तरी त्यानं दुसरा प्रश्न विचारला नाही. सही केली, शिक्का मारला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तेव्हापासून ती सही त्याला टोचत होती. आज बघू, बोलताचालताना सहज बघू, कदाचित आपलाच भ्रम असेल, अशी स्वतःची समजूत घालत तो सव्वाअकराला जगदाळ्यांच्या हॉलमध्ये शिरला.

पूजा तासाभरापूर्वीच आटोपली होती. पाटावर लाल कापड, त्यावर तलवार, दोन कट्यारी, काडतुसांचा पुठ्ठ्याचा डबा आणि मधोमध झेंडूची माळ घातलेली बंदूक. विक्रांतची आई प्रेमलताकाकू खजराण्याला गणपतीचं दर्शन करून आलेल्या, आता श्रीखंडाच्या वाट्या भरत होत्या. अप्पासाहेब पांढऱ्या अंगरख्यात उठून उभे राहिले. शमीची पानं शंतनुच्या हातात ठेवून त्यांनी त्याला पोटाशी धरलं. म्हणाले, "सोन्यासारखा राहा, शंतनु. आई बरी आहे?"

आई बरी होती. शंतनुच्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं. नाव बरोबर, आईची आठवण बरोबर. उगाच रात्री जागवल्या, असं मनाशी म्हणत तो सोफ्यावर टेकला आणि श्रीखंडाची वाटी हातात घेतली.

वाटी संपायच्या आत अप्पासाहेब पुन्हा समोर आले. हातात शमीची पानं. त्याला उठवलं, पोटाशी धरलं, सोन्यासारखा राहा म्हणाले आणि आई बरी आहे का विचारलं. त्याच आवाजात, तितक्याच मायेनं. शंतनुनं पानं घेतली, बरी आहे म्हणाला आणि विक्रांतकडे बघितलं. विक्रांत पंखा मोठा करायला वळला होता.

पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा. या वेळी अप्पासाहेब म्हणाले, "शंकरराव, यंदा उशीर केलात." हॉलमध्ये कुणाचं लक्ष नव्हतं, किंवा लक्ष होतं आणि सगळ्यांनी ते दुसरीकडे ठेवलं होतं. घरच्यांना हे नवं नव्हतं, एवढं शंतनुला त्या क्षणी कळून चुकलं. आपल्याला दाखवायचं तेवढं त्यांनी त्या सोमवारी दाखवलं आणि आपणही बघायचं तेवढंच बघितलं. त्याला भयंकर लाज वाटली. तो सोफ्यावर बसला, उठला, खिडकीशी गेला, परत आला. काकूंनी विचारलं, बरं वाटत नाही का? तो म्हणाला, उकडतंय.

तेवढ्यात विक्रांतचा मुलगा यशवर्धन फेटा बांधून खाली उतरला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि मोबाइलमध्ये राहायचा. त्याला बंदुकीसोबत रील बनवायची होती. देवासहून आलेली त्याची आतेबहीण मधुरिमा शूटिंग करणार होती. फोटो ठीक आहे, पण ते इंटरनेटवर टाकू नकोस, पोलीस केस करतात, असं विक्रांतनं एकदा म्हणून घेतलं. मुलानं ऐकल्यासारखं केलं. माळ काढून त्यानं बंदूक उचलली, खांद्याला लावली आणि मधुरिमाला म्हणाला, समोर उभी राहा, एकदम क्लोज.

शंतनु जागच्या जागी थांबला. जगदाळ्यांच्या घरची रीत त्याला लहानपणापासून माहीत होती. रिकाम्या शस्त्राला यांच्याकडे हळदकुंकू वाहत नाहीत. पूजेपुरतं एक काडतूस उजव्या नळीत घालायचं, आरती झाली की घरच्या कर्त्यानं ते स्वतःच्या हातानं काढायचं आणि घरच्या बाईच्या ओंजळीत द्यायचं. तीन पिढ्या हे बिनबोभाट चाललं होतं, आणि या रीतीचंही सगळ्यांना कौतुकच होतं.

"विक्रांत, काडतूस काढलंय ना?"

विक्रांत हसला. म्हणाला, "अरे भिया, खालीच आहे ती, रिकामी. तुम्ही कारकुनी घरातले लोक बंदूक बघितली की बस, टेन्शन."

शंतनुनं अप्पासाहेबांना विचारलं. ते ठामपणे म्हणाले की त्यांनी स्वतः काढलं. त्यानं काकूंकडे मान वळवली. काकू वाट्या ठेवून म्हणाल्या, हो रे, माझ्या ओंजळीत दिलं आणि मीच डब्यात ठेवलं, तो काय डबा पाटावर आहे. काकू खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. दोन साक्षी झाल्या. एवढ्यावर कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता, आणि शंतनुही बसायला निघाला होता. बसता बसता त्याच्या हाताला खिशातली पानं लागली. तीन वेळची.

काडतूस काढलं होतं, हे खरंच होतं. पण ज्याला सोनं दिल्याचं आठवत नाही, त्याला पूजा झाल्याचं तरी कुठून आठवणार? बंदूक पाटावर, डबा पाटावर, आणि अप्पासाहेब तासभर त्याच हॉलमध्ये येरझारा घालत होते. पाटाशी आलेल्या माणसाला बंदूक रिकामी दिसली, तर तो रीतीनं काय करील?

"काकू, डब्यात काडतुसं किती होती?"

काकूंना ठाऊक नव्हतं. विक्रांतलाही नव्हतं. म्हणाला, ते सगळं अप्पासाहेबच बघतात.

मधुरिमा मोबाइल डोळ्यासमोर धरून दोन पावलं पुढे आली होती. यशवर्धननं एक डोळा मिटला. शंतनु कसा उठला हे त्याचं त्यालाही नंतर सांगता आलं नाही. तो चालत गेला आणि मुलगी आणि बंदूक यांच्या मधोमध उभा राहिला. नळीची दोन भोकं त्याच्या शर्टाच्या बटणांपासून हातभर अंतरावर होती. 

"यश, बोट बाहेर घे. नळी वर कर. हळू."

"काका, यार, माझा शॉट..."

"वर कर."

मुलानं नळी छताकडे केली. विक्रांत तरातरा आला, सणावारी काय हा तमाशा लावलाय म्हणाला. शंतनु त्याच्याशी बोललाच नाही. त्याला ती बंदूक उघडता येत नव्हती, आणि या घरात ती उघडायचा मान ज्याचा होता त्यालाच त्यानं हाक मारली. "अप्पासाहेब, जरा उघडून दाखवता?"

अप्पासाहेबांनी नातवाच्या हातून बंदूक घेतली. हात काही विसरले नव्हते. अंगठ्यानं खटका सरकवला, बंदूक मध्ये मोडली, आणि उजव्या नळीत काडतुसाचं पितळी बूड चकाकलं.  मधुरिमाचा मोबाइल अजून चालूच होता. तो तिनं खाली केला आणि मग ती मटकन जमिनीवर बसली. प्रेमलताकाकूंनी तोंडाला पदर लावला.

अप्पासाहेब त्या काडतुसाकडे बघत राहिले. "हे कुणी घातलं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि त्यावरून त्यांना उत्तर मिळालं.

काडतूस निघालं. डबा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं, किल्ली काकूंच्या कमरेला. विक्रांतनं शंतनुला बाजूला घेतलं. तो घाबरलेला होता, पण हिशेबी माणूस घाबरला तरी लगेच सावरतो. म्हणाला, शंतनु, जान वाचवलीस, जन्मभर विसरणार नाही. पण कुणाला काही झालं नाही ना? आता बंदूकही कुलुपात ठेवू. माझा परवाना होईस्तोवर दोन महिने. तेवढं सांभाळून घे.

"विक्रांत, तो दाखला खोटा आहे. मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं."

"खोटा म्हणजे? दसऱ्याच्या दिवशी बापाला पागल ठरवणार तू? ज्यानं तुला डॉक्टर केलं त्याला?"

हा घाव वर्मी बसला. शंतनुच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवावं असंही त्याला वाटलं नाही. म्हणाला, उद्या परवाना शाखेला लिहून देतो, की माझी तपासणी अपुरी होती, दाखला मागे घेतो. माझं जे व्हायचं ते होऊ दे. विक्रांत म्हणाला, उद्याचं उद्या बघू, थंडा हो, बैठ जा. आणि शंतनुला आतून जाणवलं की उद्या आपण थंड होऊ. उद्या स्कूटर आठवेल, फाटकाशी उभे असलेले अप्पासाहेब आठवतील, आणि कागद राहून जाईल. त्या सोमवारी दुसरा प्रश्न राहिला तसाच.

"उद्या नको."

अप्पासाहेब त्यांच्या मागे येऊन उभे होते. कधीपासून, कोण जाणे. चेहरा स्वच्छ होता. पंधरावीस वर्षांपूर्वी होता तसा.

"उद्या मला हे आठवणार नाही," ते म्हणाले. "मग मी बंदूक सोडणार नाही, आणि हा विक्रम माझंच ऐकेल. आत्ता लिही. मला वाचून दाखव. मी खाली सही करतो."

"अहो, विक्रम नाही, विक्रांत," काकू हळूच म्हणाल्या.

"हां. विक्रांत."

विक्रांत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. यशवर्धननं वहीचा कागद आणून दिला. शंतनु पाटाशेजारीच खाली बसून लिहू लागला. अर्जदाराला स्मृतिभ्रंशाची लक्षणे आहेत, एवढं लिहायला त्याला बराच वेळ लागला. तपासणी न करता सही केली, हे त्याहून कमी वेळात लिहून झालं. वाचून दाखवलं. अप्पासाहेबांनी मोडलेली बंदूक मांडीवर घेऊन लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली आणि खाली पूर्ण नावानं, वळणदार सही केली. बंदूक दुपारीच ठाण्यात जमा करायची ठरली. विक्रांत स्वतः गाडी काढायला गेला.

तो जिन्यावरून उतरला आणि अप्पासाहेबांनी हॉलभर नजर फिरवली. मुलगा दिसेना, नात खाली बसलेली, बायकोच्या तोंडाला पदर, आणि मांडीवर मोडलेली रिकामी बंदूक. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"शंतनु, मी कुणाला मारलं का?"

"नाही, अप्पासाहेब. कुणालाच नाही. सगळे इथंच आहेत."

त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. काकूंनी पाणी दिलं, ते प्यायले. भांडं खाली ठेवताना त्यांना मांडीवरची बंदूक पुन्हा दिसली.

"मी कुणाला मारलं का?"

शंतनुनं पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मधुरिमा उठली आणि आजोबांच्या अगदी समोर जाऊन बसली, त्यांना ती नीट दिसावी म्हणून. ते तिच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवत राहिले. खाली गाडीचा हॉर्न वाजला. शंतनुनं त्यांच्या मांडीवरून बंदूक उचलली, ती त्यांनी देऊन टाकली. तो दाराशी पोचेपर्यंत त्यांनी मागून पुन्हा विचारलं, आणि या वेळी उत्तर द्यायला काकू होत्या.