आक्का रुसली नाही

नौशीननं पहिला गिअर टाकला, पुढच्या चाकाखालचा नारळ कडकन फुटला आणि मांडवातल्या बायका रडायचं सोडून चपला शोधायला लागल्या.

यात कुणाला वावगं वाटलं नाही. सिकंदरभाईंची गाडी लग्नाला असली की रडायची जागा मांडवात नसते, वेशीवर असते. कारण आक्का वेशीवर रुसते.

आक्का म्हणजे गोल दिव्यांची, पांढरी, जुनी गाडी. नवरीला घेऊन ती वेशीपर्यंत मुकाट जायची आणि तिथं एक आचका देऊन बंद पडायची. मग विहिणीचा रुसवा काढावा तसा तिचा रुसवा काढायचा. नवरीनं उतरून बॉनेटला हळदकुंकू लावायचं, नवरीच्या बापानं टॉवेल-टोपी द्यायची. टॉवेल बॉनेटवर, टोपी आरशावर. एवढ्यात माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून घ्यायची आणि आक्का चालू व्हायची. पाटणपासून लोणंदपर्यंत लोक आक्का कधी रिकामी आहे ते विचारूनच तारीख धरत. लग्नपत्रिकेत तिचं नाव आमदारांच्या खाली आणि सरपंचांच्या वर छापत. एका सरपंचानं यावर हरकत घेतली होती. पुढच्या निवडणुकीत तो पडला.

आज सिकंदरभाई डोळ्याचं ऑपरेशन होऊन काळा चष्मा लावून इस्लामपुरात घरी बसले होते. आक्काला परक्या हातात द्यायची नाही म्हणून त्यांनी लेकीला पाठवलं होतं. नौशीनचा हात गाडीवर चांगला होता आणि आक्कावरची श्रद्धा त्याहून चांगली. दहावीच्या गणिताच्या पेपरला जाताना तिनं बॉनेटवर डोकं टेकवलं होतं. गणितात ती कशीबशी सुटली, पण त्याचा दोष तिनं आक्काला कधी दिला नाही.

मागच्या सीटवर नवरी पूजा आणि तिचा पाटणकडचा फौजी नवरा वीरधवल. पुढं नौशीनच्या शेजारी पाठराखीण म्हणून निघालेली पूजाची आत्या, बयाबाई.

“आत्या, सुभेदार दिसलं न्हाईत मांडवात,” नौशीन म्हणाली.

“आकारामदादा व्हय? त्यो कवाच गेलाय वेशीवर, टॉवेल-टोपी घिऊन. सकाळधरनं लेकीकडं बघितलं न्हाई बघ त्यानं. म्हणतोय, आक्का रुसंल तवा बोलतो.”

पूजानं खिडकीची काच खाली केली. तिची आई ती लहान असतानाच गेली होती आणि बाप फौजेत, कायम सीमेवर असायचा. लेकीशी आकाराम सुभेदारांचं जे काही बोलणं व्हायचं, ते रजा संपवून निघताना, एसटीच्या दारात एक पाय ठेवून. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांची पंचाईत झाली होती. एसटी कुठलीच सुटत नव्हती.

वेशीच्या कमानीखाली सुभेदार ताठ उभे होते. हातात घडी घातलेला टॉवेल, त्यावर पांढरी टोपी. नौशीननं वेग कमी केला आणि आचक्याची वाट बघू लागली.

आचका आलाच नाही. आक्का कमानीखालून सरळ पुढं गेली. सुभेदारांनी टॉवेल धरलेला हात थोडा वर केला. तो आरशात लहान होत गेला.

“आगं, थांबली न्हाई की!” बयाबाई ओरडली. “ब्रेक मार!”

“ब्रेक मारून कुणी रुसतंय का, आत्या?”

मागं वऱ्हाडाच्या गाड्या हॉर्न वाजवत चिकटल्या होत्या. दोन्ही बाजूंनी ऊस मागं पळत होता.

“सगळ्यांच्या लग्नात रुसती,” पूजा खिडकीबाहेर बघत म्हणाली. “माझ्याच न्हाई.”

“आक्कालाबी पोरगा पसंत पडला म्हणायचं,” वीरधवल म्हणाला. कुणी हसलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि शेरवानीचं बटण लावलेलंच पुन्हा लावलं.

कॅनॉलच्या पुलाजवळ नौशीननं गाडी बाजूला घेतली. “पाणी घालते आक्काला,” असं सांगून ती उतरली, उघडलेल्या बॉनेटच्या आड गेली आणि घरी फोन लावला.

“अब्बा, आक्का वेशीवर थांबलीच न्हाई.”

पलीकडं सिकंदरभाईंनी पंखा बंद केला.

“बटण दाबलंस नव्हं?”

“कसलं बटण?”

“स्टेअरिंगखाली, डाव्या गुडघ्याजवळ. काळं हाय बघ.”

“ते फ्यूजचं हाय म्हणाला हुता तुमी. हात लावू नको म्हणून.”

“तवा तू लहान हुतीस. लेकराला आणि काय सांगायचं? पुढं सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बघ.”

नौशीननं कपाळावरची ओढणी मागं सारली. “म्हंजे आक्का कवाच रुसली न्हाई?”

“पहिल्या खेपंला खरीच बंद पडली हुती गं. तर नवरीची आई आली धावत, खरकट्या हातानं. वाढपात अडकली हुती बिचारी, पोरीला बघितलंबी नव्हतं. दोघी अशा रडल्या की मलाच गाडी चालू करावी वाटंना. मग पुढच्या लग्नात म्हटलं, बंद पाडाय आपलं काय जातंय?” सिकंदरभाई थांबले. “सुभेदार हाय का वेशीवर?”

“हाय.”

“मग फीर की माघारी.”

नौशीननं बॉनेट आपटलं नाही. दोन्ही हातांनी अलगद लावलं, त्यावरची धूळ ओढणीच्या टोकानं पुसली आणि गाडीत येऊन बसली. पुलाच्या तोंडाशी तिनं स्टेअरिंग पूर्ण उजवीकडं फिरवलं.

“ये पोरी, कुठं?” बयाबाई दचकली.

“माझ्या हातात काय न्हाई, आत्या. तीच वळतीया.”

वीरधवलनं नौशीनच्या हातांकडं बघितलं, मग पूजाकडं. “व्हय की,” तो गंभीरपणे म्हणाला. “स्टेअरिंग लय जड झालंय वाटतं. आमच्या पलटणीत बी हुती एक अशी गाडी.”

बयाबाईनं हात जोडले. “माघारी निघाली गं बया! असला रुसवा जन्मात बघितला न्हाई.” मागं खोळंबलेली वऱ्हाडाची जीप, बँडवाल्यांचा टेंपो आणि दोन बसगाड्या आक्काला वाट देत चिखलाच्या कडेला उतरल्या. एक ड्रायव्हर शिव्या द्यायला बाहेर आला, आक्काला बघून नमस्कार करून आत गेला.

वेशीवरची गर्दी पांगली होती. कमानीखाली सुभेदार तेवढे तसेच उभे. नौशीननं डावा गुडघा वर केला. आक्कानं आचका दिला आणि त्यांच्यासमोर बंद पडली.

सुभेदार पुढं आले. “किती येळ?” ते गाडीला म्हणाले. “वाटलं, आमच्यावर रुसायसारखं काय ऱ्हायलंच न्हाई.” त्यांनी बॉनेटवर टॉवेल पसरला, आरशावर टोपी घातली, ती वाकडी बसली म्हणून काढून पुन्हा घातली. पूजा उतरली. तिनं हळदकुंकू लावलं. बॉनेटच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ते.

“पाण्याची बाटली घेतलीस?”

“व्हय, आबा.”

“पाटणाकडं थंडी लय असती.”

“व्हय.”

“पाऊसबी.”

“व्हय, आबा.”

एवढ्यावर बोलणं संपलं. माघारी वळून आलेल्या वऱ्हाडाच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. सुभेदार टाचा जुळवून एक पाऊल मागं झाले आणि म्हणाले, “चला, निघा आता.” पूजा तशीच उभी राहिली, मग दाराकडं वळली.

नौशीननं गुडघ्याजवळचं बटण सोडवलं आणि किल्ली फिरवली. आक्का गुरगुरली, पण चालू झाली नाही. तिनं पुन्हा फिरवली. मग खाली वाकून बोटानं चाचपलं. बटण वरच होतं, दाबलेलं नव्हतं. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या पुढं होता. मघाशी पुलावर एका किल्लीत चालू झालेलं इंजिन आता नुसतं खाकरत होतं.

सुभेदारांनी घड्याळ बघितलं. मग कमानीच्या कट्ट्यावर बसले आणि शेजारची धूळ हातानं झाडली.

“बस जरा,” ते लेकीला म्हणाले.

नौशीननं किल्लीवरचा हात काढला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि वडीलधाऱ्या माणसासमोर बसावं तशी गप्प बसून राहिली.