शड्डू

"डिग्री इचारली?" आबांनी पायरीवरूनच विचारलं. जितूनं अजून बूटसुद्धा काढले नव्हते.

"इचारली."

"मग?"

"मग काय. चा पाजला आन् वाटंला लावलं."

माझं शिलाई मशीन थांबलं. सकाळी हा माझा भाऊ इंग्रजी शाळेत मुलाखतीला निघाला तेव्हा मीच त्याच्या शर्टाला कडक इस्त्री करून दिली होती. आता त्या शाळेच्या नावानं बोटं मोडावीत की आमच्या वडिलांवर, आबांवर खेकसावं, मला कळेना.

"मी सांगत हुतो," आबा म्हणाले. "मास्तर व्हायला कागद लागतोय. बारावी शिकलेला मास्तर आसंल, तर मग मी हेडमास्तर की! गप कागलच्या हॉटेलात काउंटरवर बस. सोमवारपास्नं बोलिवलंय त्यांनी."

"बसतो," जितू म्हणाला.

एवढंच. भांडलासुद्धा नाही, हेच मला जास्त लागलं. सहा वर्षं कंबोडियात इंग्रजी शिकवून आलेला माणूस हा. बारावीनंतर आबांची मिल बंद पडली, याचं कॉलेज राहिलं आणि हा स्टेशनजवळच्या लॉजवर कामाला लागला. तिथल्या गोऱ्या पाहुण्यांशी बोलून बोलून इंग्रजी असं काही जमलं, की त्यातल्याच एका बाईनं तिकडच्या खेड्यातली शाळा सुचवली. तिथं कुणी डिग्री विचारली नाही. पोरांना बोलतं कर, एवढंच म्हणाले.

पोरं बोलायला तयार नव्हती. "ताई, चंथा म्हणून एक पोरगी हाय," तो फोनवर सांगायचा, "नाव इचारलं तरी बाकाखाली बघती." मग एक दिवस या शहाण्यानं सगळा वर्ग अंगणात काढला आणि पोरांना शड्डू ठोकायला शिकवलं. खाली वाकायचं, चिमूटभर माती तळहातांना चोळायची, मांडीवर दणकून थाप मारायची आणि मग तोंड उघडायचं. वाक्य चुकलं तरी चालेल, आवाज निघाला पाहिजे. व्हिडिओ कॉलवर आम्हाला दाखवायचा. तीस पोरं मांड्या बडवतायत आणि मला "गुड मॉर्निंग ताई" म्हणतायत. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आबा तेवढे तोंड फिरवून बसायचे.

खरं तर ते सगळं आबांचंच होतं. मिलची पाळी सुटली की ते तालमीत जायचे आणि आम्हा दोघांना बरोबर न्यायचे. मी मुलगी म्हणून बाहेर उंबऱ्यावर, जितू आत आखाड्यात, भोकाड पसरून. "भ्या वाटतंय व्हय? आदी माती लाव. मग ठोक," आबांचा आवाज यायचा. जितू काही पैलवान झाला नाही. पण त्या तांबड्या मातीचा हळद-तेलाचा वास आठवला की आजही मला गलबलून येतं. आम्ही तिघं तेव्हा फार सुखात होतो.

गेल्या वर्षी कंबोडियातल्या त्या शाळेला नवे मालक आले. त्यांना डिग्रीवाला हवा होता. जितू घरी आला आणि त्याचं बोलणंच आटलं.

मुलाखतीच्या त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना त्याचा मोबाईल वाजला. चंथाच्या भावानं व्हिडिओ पाठवला होता, तिच्या वक्तृत्व स्पर्धेचा.

"बघ की."

"नगं, ताई."

मी कुठली ऐकतेय. मोबाईल उचलला आणि आबांच्या ताटासमोर तांब्याला टेकवून लावला.

मोठं सभागृह, चकचकीत फरशीचं व्यासपीठ. पांढऱ्या शर्टातली चंथा माइकसमोर उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. शब्द फुटेना. समोरून कुणीतरी खुदकन हसलं. माझा घास हातातच राहिला. जितूही आता मान वर करून बघत होता.

पोरगी खाली वाकली. फरशीला हात लावला, तळवे एकमेकांवर चोळले आणि मांडीवर थाप मारली. माइकमधून ती थाप सगळीकडे घुमली. मग ती जी बोलायला लागली, ती थांबलीच नाही. मला इंग्रजी फारसं कळत नाही. ती अडत नव्हती, एवढं कळलं.

आबांचं चावणं थांबलं होतं.

"फरशीवर माती कुठली रं?"

"नसली तरी लावायची, आसं सांगितलंय पोरांस्नी." जितू म्हणाला.

आबांनी हात धोतराला पुसला आणि मोबाईल मांडीवर घेतला. कुठं बोट लावायचं ते त्यांना सापडेना. "पुन्यांदा लाव," ते म्हणाले.

सोमवारी जितू कागलला निघाला. आबा पायरीवर बसले होते. समोरच्या पिराजीनं विचारलं, "आबा, पोरगं कुटं निघालं?"

"मास्तर हाय त्यो," आबा म्हणाले. "सध्या हॉटेलात बसतोय."

जितूनं वळून बघितलं नाही. कोपऱ्यावर तो खाली वाकला. मला वाटलं, बुटाची नाडी सुटली असेल. सरळ झाला तेव्हा तो दोन्ही तळवे एकमेकांवर चोळत होता.