तलावाशी ओळख करून देणारी कुंडी

मित्रांनो, गावात नवखा माणूस आला की तो मला ढोरांना पाणी पाजायची डोणी समजतो. एकदा तर एका पाहुण्याने आपली बैलजोडी सरळ माझ्याकडे वळवली, आणि बैलांनीही काही संकोच केला नाही. मला राग येत नाही. मी एक जुनी दगडी कुंडी आहे, आणि एवढं वय झालं की कोण काय म्हणतं याचं फारसं काही वाटेनासं होतं.

चिमूरच्या पुढे जंगल दाट होत जातं, त्या बाजूला एका मोठ्या तलावाच्या पाळीवर आमचं देऊळ आहे. ते बांधणाऱ्या पाथरवटांनी उरलेल्या एका तांबूस दगडातून मला घडवलं. माझ्या काठावर कमळाच्या पाकळ्या कोरल्या, पोट खोल आणि गुळगुळीत केलं, आणि सगळ्यात शेवटी तळाला अंगठ्याएवढं भोक पाडलं. इतकी मेहनत करून शेवटी भोक! मलाही तेव्हा त्याचं कारण कळलं नव्हतं.

कारण पुढे कळलं. गाव धीवरांचं. मासे, शिंगाडे, सगळं तलावातून येतं, म्हणून मूल चालायला लागायच्या आधीच त्याची तलावाशी ओळख करून द्यावी लागते. बारशाच्या दिवशी बाया तलावाचं पाणी माझ्यात भरतात, बाळाला न्हाऊ घालतात, त्याच्या कानात नाव सांगतात आणि भोकातला लाकडी डट्टा उपसतात. पाणी देवळाच्या जोत्याखालच्या नाळीतून परत तलावात जातं. त्या पाण्याबरोबर बाळाची खबर जाते, असं इथे मानतात. ज्याची खबर गेली नाही, त्याला कोणी डोंग्यात, म्हणजे होडीत, बसवत नाही. हा सगळा बायकांचा कारभार. पुरुष तेव्हा खाली मंडपात बसून पंगत कधी बसते याची वाट बघत असतात.

माझे सगळेच दिवस मानाचे गेले असं नाही. देवळाच्या डागडुजीच्या वेळी मला बैलबंडीत घातलं, तेव्हा मी घसरून पडले आणि पोटाला चीर गेली. परत जागेवर बसवलं, पण चीर राहिली ती राहिली. एरवी माझ्या काठावर विळ्यांना धार लावतात, पावसाळ्यात बेडूक माझ्यात संसार थाटतात. बारसं आलं की मात्र बाया मला राखेने घासून लख्ख करतात. मला तेवढं पुरतं.

यंदा केवळरामला नात झाली. केवळराम म्हणजे गावातला डोंगे दुरुस्त करणारा. राळ आणि डांबर तापवून तो भेग अशी बुजवतो की पाण्याला सुईएवढी वाट मिळत नाही. त्याची मोठी बहीण देवकाबाई, तिला गावातच दिलेली. गावातल्या लेकरांना माझ्यात न्हाऊ घालायचा मान तिचा. भाऊ गळती थांबवणारा आणि बहीण पाणी सोडणारी, आणि दोघांना एकमेकांच्या कामातलं ओ की ठो माहीत नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी केवळराम नातीच्या कौतुकापोटी आपणहून मला धुवायला आला. तळाशी हात गेला आणि त्याला कुजका डट्टा लागला. झालं! धीवराला गळती दिसली की त्याचा हात थांबत नाही. डट्टा उपटून त्याने डांबर तापवायच्या चुलीत टाकला, भोकात गच्च राळ आणि डांबर भरलं, आणि वरून हात फिरवून सगळं सपाट केलं.

"आता नाई गळत," असं म्हणून त्याने माझ्या काठावर थाप मारली. इतका खूश होता की मला त्याला अडवावंसं वाटलं असतं, तरी अडवलं नसतं. आणि अडवणार तरी कशी?

दुसऱ्या दिवशी बाया जमल्या. केवळरामची सून साधना बाळाला घेऊन आली. देवकाबाईने सवयीने तळाशी हात घातला आणि ती थबकली.

"डट्टा कुठी गेला? कोनं केलं हे?"

निरोप मंडपात गेला. केवळराम हसतच पायऱ्यांपाशी आला, शाबासकी मिळणार म्हणून.

"मीच केलं, बाई. गळत होती कुंडी."

"गळत नव्हती रे, केवळ्या. ते पानी जायाची वाट होती."

केवळरामचं हसू जागच्या जागी विरलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, अशी त्याची गत. देवकाबाई पायरीवर बसली. "आता पोरीची खबर कशी जाईन तलावात?" ती हळूच म्हणाली. साधनाने बाळाला छातीशी आणखी घट्ट धरलं.

तेवढ्यात केवळरामचा मुलगा सूरज छन्नी-हातोडा घेऊन आला. त्याच्याच लेकीचं बारसं, त्याचा जीव कासावीस झालेला. "मी फोडतो ते. कुंडी फुटली त फुटली, आत्या. चंद्रपूरवरून संगमरवरी आनू." त्याने छन्नी डांबरावर टेकवली. माझी चीर तिथूनच सुरू होते. एक घाव पडला असता तर माझे दोन तुकडे झाले असते. मित्रांनो, मी दगडाची आहे, तरी त्या क्षणी घाबरले.

केवळरामने पोराचा हात धरला. "थांब. माह्या हातचं छन्नीनं नाई निंगत. त्याले गरमच पायजे."

"पन एकदम उकळतं ओतू नोको," देवकाबाई म्हणाली. "चीर हाय तिले. आधी कोमट, मंग गरम. बाळंतिणीले देतेत तसं."

पंगतीच्या भातासाठी चुलीवर आधण ठेवलेला मोठा गंज, म्हणजे पातेलं, होता. बायांनी त्यातलंच पाणी माझ्याकडे वळवलं. मंडपात कुरकुर सुरू झाली, पण देवकाबाईने तिकडे बघितलंसुद्धा नाही. तांब्यामागून तांब्या पाणी माझ्यात पडू लागलं. खरं सांगू? इतक्या पिढ्यांना मी न्हाऊ घातलं, पण मला कोणी ऊन पाण्याने न्हाऊ घालायची ही पहिलीच वेळ. माझ्या चिरेपर्यंत ऊब गेली. फार बरं वाटलं.

डांबर सैल पडलं. "ये वर," देवकाबाई भावाला म्हणाली. बायांनी पदर सावरून त्याला जागा दिली. केवळरामने वाकून लोखंडी आकड्याने आपलंच काम उकरून काढलं, आणि काळं पाणी गुळगुळ करत नाळीत गेलं. बायांनी मला राखेने घासून स्वच्छ केलं आणि तलावाचं पाणी आणलं. केवळराम खाली उतरायला निघाला.

"चालला कुठी? डट्टा तूच जाळला ना? मंग अंगठा लाव."

तो गुडघ्यावर बसला आणि त्याने भोकावर अंगठा दाबून धरला. पाणी भरलं. देवकाबाईने बाळाला अलगद माझ्यात धरलं. बाळाची इवलीशी टाच आजोबाच्या मनगटाला लागली आणि तो हललासुद्धा नाही. कानात नाव सांगून झालं.

"सोड आता."

त्याने अंगठा काढला. पाणी गरगर फिरलं आणि जोत्याखाली निघून गेलं. केवळराम त्याच्याकडे बघत राहिला.

"बाई, माह्यं पानी बी इथूनच गेलं?"

"मंग कुठून? मी मायच्या पदराले धरून इथीच उभी होती. लय रडला तू."

सारा जन्म त्याने या तलावात डोंगा घातला होता. वादळातही तलावाने त्याला कधी दगा दिला नाही, आणि हे आपल्या हाताचं कसब, असं तो समजत होता. त्याने डोळे पुसले आणि तलावाकडे बघून हात जोडले. खालून कोणीतरी भाताचं विचारत होतं.

आता माझा नवा डट्टा सागवानाचा आहे, केवळरामने स्वतः तासलेला. बारसं असलं की तो आदल्या दिवशीच आणून देवकाबाईच्या हातात देतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. फक्त काही बुजवायच्या आधी तिथून काय जातं ते कोणाला तरी विचारा. मला रंग नको, चकचकीत फरशी नको. तळाचं भोक तेवढं मोकळं ठेवा. अजून कितीतरी लेकरांची खबर तलावाला द्यायची आहे.