एकशे ब्याण्णव जणांची एकच छाती

एकशे ब्याण्णव माणसांची छाती एकच निघाली. मोजली प्रोग्रामने. मी नुसती आ वासून बघत बसले.

आमचा कारखाना दगड कापायचा. ओट्यांना, जिन्यांना, पैसेवाल्यांच्या न्हाणीघरांना बसवतात तो गुळगुळीत दगड. कापताना पिठासारखी पांढरी धूळ उडते, ती छातीत शिरते आणि पुन्हा बाहेर येत नाही. म्हणून कायदा सांगतो, दरवर्षी प्रत्येक कामगाराच्या छातीचा एक्स-रे काढा. आमच्याकडे त्याला फोटोच म्हणतात, आणि तो काढणाऱ्या माणसाला फोटोकाका. काकांच्या खोलीला लागून माझी खोली. मी कारखान्याच्या दवाखान्यातली कारकून, सहा वर्षं झाली. माझ्या खोलीत सोळा वर्षांचे फोटो पडलेले: दोनशे अकरा सीडी आणि आठ हार्ड डिस्क, सगळं चपलांच्या रिकाम्या खोक्यांत. खोक्यावर एक लिहिलेलं, आत भलतंच.

"नवीन मशीन येतंय," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. "सगळ्याची यादी करा. आणि त्याच त्याच फाइली पुन्हापुन्हा असतील त्या उडवून टाका. कशाला जागा अडवायची?"

यादी करणारा प्रोग्राम त्यांनीच आणून दिला. काम गाढवाचं, पण सोपं. डिस्क घालायची, तिला नंबर द्यायचा. आतल्या प्रत्येक फाइलचं नाव, तारीख, आकार प्रोग्राम लिहून घेतो. डिस्क परत खोक्यात. नंतर नुसतं टोकन, म्हणजे कामगाराचा नंबर, आणि साल टाकलं, की तो सांगतो: खोकं नऊ, डिस्क एकशे चार. शिवाय तो प्रत्येक फाइलच्या आतल्या मजकुराचा एक ठसा घेतो. बाहेर नाव काहीही द्या, आत तेच असेल तर ठसा तोच येतो. अशा सगळ्या फाइली तो एकाखाली एक मांडतो आणि विचारतो, एक ठेवून बाकीच्या काढू का?

बाराव्या दिवशी दुपारी शेवटची डिस्क संपली. मी बटण दाबलं. काही फाइली दोनदा होत्या, काही तीनदा. आणि एक ढीग असा, की खाली सरकवता सरकवता माझं बोट दुखलं. सातशे तीन फाइली. टोकन मोजली तर एकशे ब्याण्णव. कुणाचं एकच साल, कुणाची चार, कुणाची सहा. फोटो एकच.

मला वाटलं, प्रोग्राम गंडलाय. दोन फाइली उघडल्या, शेजारी शेजारी ठेवल्या. मग चार. मग नऊ. बरगडी न् बरगडी तीच. डाव्या खांद्याजवळ एक बारीक पांढरा ठिपका होता, तोही सगळ्यांना.

यादीत मधेच टोकन चारशे सतरा होतं. माझा दादा.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. मला शिकवलं त्याने, ही नोकरी लावली त्याने. दीड वर्षापासून खोकत होता. विचारलं की म्हणायचा, "फोटो स्वच्छ आहे ना? मग कशाला डोकं खातेस?" आणि येत्या सोमवारी तो मुकादम होऊन घासकामाच्या शेडमध्ये जाणार होता. तिथे पाणी न मारता कोरडं घासतात. समोरचा माणूस दिसत नाही, इतकी धूळ. छाती ठणठणीत असलेल्यालाच पाठवतात.

मूळ फोटो कुणाचा म्हणून मी ढीग तारखेप्रमाणे लावला. सगळ्यात जुनी फाइल सहा वर्षांपूर्वीची. फोल्डर: कार्यालय, नवीन भरती. नंबर का-नऊ.

का-नऊ म्हणजे मी.

नोकरीच्या पहिल्या दिवशी काकांनी मला त्या थंड पत्र्याला छाती टेकवून उभं केलं होतं, श्वास घे म्हणाले, धरून ठेव म्हणाले. तो फोटो. तो ठिपका म्हणजे माझ्या आतल्या कपड्याचा हूक. एकशे ब्याण्णव बाप्ये माझा हूक छातीवर मिरवत फिरत होते.

एक गोष्ट स्पष्टच सांगते, लाजत बसायला मला वेळ नाही. बाईच्या छातीचा फोटो बाईचाच दिसतो. खाली दोन्ही बाजूंना गोल फिकट सावली पडते. हे कळायला शिक्षण लागत नाही, डोळे लागतात. आणि माझी सोडून प्रत्येक फाइलीबरोबर डॉक्टरचा अहवाल होता: "पुरुष, छाती सामान्य, कामास योग्य." खाली सही. सातशे दोन वेळा सही.

मी उठले आणि काकांच्या खोलीत गेले. ते पत्रा पुसत होते.

"काका, माझी छाती कुणाकुणाला वाटलीत?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. नाही म्हणाले नाहीत, कसली छाती असंही विचारलं नाही. स्टुलावर बसले.

"सापडलं होय," ते म्हणाले. "त्या प्रोग्रामचं ऐकलं तेव्हाच ओळखलं होतं."

"कुणी सांगितलं असं करायला? साहेबांनी?"

"साहेब कशाला सांगतोय? इथलं तुला माहीत नाही का? फोटोत डाग दिसला की माणसाला 'अयोग्य' शिक्का, आणि त्याच महिन्यात बाहेर. धूळ ओढणारा पंखा यांनी चार वर्षांपूर्वी आणला, अजून खोक्यात आहे. माणूस बदलणं सोपं. तर एक जण आला. पाय धरले. म्हणाला, काका, फोटो स्वच्छ लावा, घरात खाणारी पाच तोंडं आहेत."

"कोण?"

"घरी विचार."

घरी म्हणजे दादा.

"आणि माझाच का? बाप्यांचे शंभर स्वच्छ फोटो होते तुमच्याकडे."

"मुद्दाम," काका म्हणाले. "म्हटलं, बाईचा फोटो बाप्याच्या नावावर बघितला की डॉक्टर पहिल्याच दिवशी पकडेल. माझ्या नावाने बोंब ठोकेल. मग तुझ्या दादाला सांगता येईल, बाबा, माझ्या हातात नाही. गुरुवारी डॉक्टर आला. चहा प्यायला. गठ्ठ्यावर सह्या केल्या. गेला. पुढच्या आठवड्यात आणखी दोघे आले माझ्याकडे. त्याच्या पुढच्या आठवड्यात सात. कुणाला कसं नाही म्हणू?"

"खरे फोटो? काढलेच नाहीत?"

"काढल्याशिवाय कळणार कसं, डाग कुणाला आहे ते? काढले. फेकायला हात झाला नाही. हार्ड डिस्क नंबर सहा. वर 'मशीन चाचणी' लिहिलंय."

नंबर सहा मी चार दिवसांपूर्वीच यादीत घातली होती. चाचणीच्या फाइली, म्हणून ढुंकून बघितलं नव्हतं. आता परत लावली. चारशे सतरा. सहा फोटो, सहा वर्षांचे. पहिल्यात वरच्या बाजूला चार-पाच पांढरे दाणे. तिसऱ्यात मूठभर. सहाव्यात दोन्हीकडे वर पांढरे गोळे, कुणी ओल्या भिंतीवर चुना फेकून मारावा तसे. मी डॉक्टर नाही. पण आमच्या डॉक्टरपेक्षा मला जास्त दिसत होतं. फोटोकाका कुणाला नाही म्हणाले नव्हते, म्हणून एकशे ब्याण्णव जणांचे खोटे फोटो. म्हणजे त्या एकशे ब्याण्णव जणांचे खरे फोटो असेच.

संध्याकाळी दादाच्या घरी गेले. तो पायरीवर बसून बूट झटकत होता. वहिनी आत कणीक मळत होती.

"दादा, काकांचे पाय तू धरलेस?"

त्याने आधी आत बघितलं, मग माझ्याकडे. "हळू बोल."

"का? वहिनीला माहीत नाही?"

"कुणालाच माहीत नाही. आणि तुलाही माहीत नाही, कळलं? ती डिस्क मोडून टाक."

"सहा वर्षं, दादा! तुझ्या छातीत चुना झालाय. बघितलास कधी?"

"बघून काय करू? बघितल्याने कमी होतो का?" तो हसायला गेला आणि खोकला आला. बराच वेळ गेला त्यात. "हे बघ बारके, तू भडकू नकोस. मी एकटा असतो तर निराळं. माझ्यामागून सगळे गेले. एक फोटो उघडा पडला की सगळे पडणार. एकशे नव्वद चुली विझवशील तू एका बटणाने."

"एकशे ब्याण्णव," मी म्हणाले.

मागून वहिनीचा आवाज आला. "सहा वर्षं म्हणजे धाकटी झाली ते साल."

ती दारात उभी होती, हाताला कणीक तशीच. रडत नव्हती. दादाकडे असं बघत होती, जणू कुणी परका माणूस घरात घुसून पायरीवर बसलाय.

"तेव्हापासून तुम्हाला ठाऊक आहे? मी लसणाचं तेल चोळतेय, काढे करतेय, आणि तुम्ही मला म्हणताय हवा बदलली?"

"अगं, ऐक तरी..."

"उद्या कापायला जायचं नाही. उद्या हिच्या खोलीत जायचं आणि आधी डोळ्यांनी बघायचं. मी पण येणार. मग काय मोडायचं ते मोडा."

सकाळी मी पोचले तर साहेब माझ्या खुर्चीमागे उभे. "झाली यादी? उडवल्या फाइली?"

"एक ठेवावी लागते, साहेब. कुणाची ठेवू ते सांगा." मी ढीग उघडला, फोटो मोठा केला.

साहेबांनी चष्मा वर केला. दोन सेकंदही लागले नाहीत. "हा बाईचा आहे."

"हो. माझा. खालची नावं वाचा."

त्यांनी वाचली. एक पान, दोन पानं. त्यांचा चेहरा दगडाच्या धुळीसारखा झाला. क्षणभर मला वाटलं, हा माणूस आता ओरडेल, डॉक्टरला बोलवेल, निदान शेड तरी बंद करेल. साहेबांनी काय केलं? दार लावून घेतलं.

"तुमचा भाऊ यात आहे ना?" एकदम मऊ आवाज. "त्याला आजपासून फाटकावर बसवतो. खुर्ची, सावली, धुळीचा कण नाही. लेखी देतो. तुम्ही फक्त दिलेलं काम करा. हा ढीग उडवा. खरे फोटो कुठे असतील तर ती डिस्क माझ्या हातात द्या."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं बघू हळूहळू."

मी लगेच नाही म्हणाले असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. माझा हात माउसवर होता. फाटकावर बसलेला दादा मला दिसत होता, सावलीत, साठीचा झालेला. बाकीच्या एकशे एक्याण्णवांचे मला चेहरेही धड आठवत नव्हते.

तेवढ्यात दार वाजलं. दादा आणि वहिनी. साहेबांनी त्यांना आत घेतलं, दादाला चक्क "या" म्हणाले, आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं.

"घ्या," वहिनी म्हणाली. साहेबांचं बोलणं संपायच्या आत. "अहो, घ्या फाटक. माझी शपथ आहे."

दादा माझ्या पडद्याकडे बघत होता.

"विचार करा," साहेब म्हणाले. "मी मालकांशी फोनवर बोलून येतो. तोवर बाई, तुम्ही उडवायला घ्या." ते गेले.

"दाखव," दादा मला म्हणाला.

मी नंबर सहा उघडली आणि सहा फोटो ओळीने लावले. तो वाकला. त्याने एक बोट पडद्यावर टेकवलं, पहिल्या फोटोवरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, असं नेलं. सहाव्यावर बोट थांबलं. सहा वर्षं ज्याने नुसती मान फिरवली, तो माणूस आता मान फिरवू शकत नव्हता.

"एवढं?" तो म्हणाला. लहान मुलासारखं. "काका म्हणाले होते, थोडे दाणे आहेत."

"ते सहा वर्षांपूर्वी म्हणाले होते."

"बाकीच्यांचं पण असंच?"

मी यादी खाली सरकवली. तो नुसते नंबर वाचत गेला, पुटपुटत. कारखान्यात माणसं एकमेकांना टोकननेच ओळखतात. मधेच थांबायचा, परत वाचायचा.

"घ्या ना हो फाटक," वहिनी त्याच्या बाहीला धरून म्हणाली. "तुम्ही जगलात तर बाकीच्यांसाठी काहीतरी कराल."

"छाप," दादा म्हणाला.

"काय?"

"सगळे. ज्याचा त्याचा खरा फोटो, वर टोकन. आत्ता. रात्रपाळी सुटून दिवसपाळी आत यायला वीस मिनिटं आहेत. ज्याला बघायचा त्याने बघावा. न बघता मरायचं मी एकट्याने ठरवलं होतं, ते सगळ्यांना शिकवत बसलो."

"साहेब आत्ता येतील."

"मग पटपट छाप."

वहिनीने बाही सोडली. मी प्रत्येक टोकनचा शेवटचा फोटो निवडला आणि छपाईचं बटण दाबलं. आमचा प्रिंटर जुना, आधी कुरकुरतो, मग एकदम कागद ओढतो. पहिला कागद हळूहळू बाहेर आला, वरच्या बाजूला पांढरे गोळे.

दादाने तो उचलला आणि नंबर वाचला.

"दोनशे अडतीस," तो म्हणाला. "हा घाबरत होता गं. नको म्हणत होता. मीच हाताला धरून काकांकडे घेऊन गेलो याला."

दुसरा कागद आला. त्याने तोही उचलला.