खडूची बोटं

रेडा हे त्याचं सायकल शर्यतीतलं टोपणनाव, आणि तो ते मिरवायचाही. शेवटची रेषा समोर दिसत असताना कठड्याच्या बाजूनं दुसऱ्या संघातला पोरगा, धाकटा, पुढे येतोय हे त्यानं पाहिलं आणि सरकत सरकत तो तिकडेच गेला. फट मिटली. धाकटा सायकलसकट कठड्यावर आदळला. पंचांनी व्हिडिओ पाहून रेड्याचा पहिला नंबर तिथल्या तिथे काढून घेतला. आता प्रश्न बंदीचा होता: काही महिने घरी बसवायचं की कायमचं?

धाकट्याची थोरली बहीणच त्याची प्रशिक्षक. आई गेल्यावर ताईनंच त्याला वाढवलं, सायकलवरही तिनंच बसवलं. दुपारी पंचांसमोर तिनं काय बोलायचं, ते त्यांच्या संघाचा मॅनेजर हॉस्पिटलच्या जिन्यातच तिला पढवत होता. माणसाच्या पाठीचा कणा मोडलाय आणि ह्याला डावपेच सुचतायत!

"धाकट्यानं ब्रेक दाबला, वाचायची धडपड केली, एवढंच म्हणा. हात कुठल्याच कॅमेऱ्यात दिसत नाहीत. मग सगळा दोष रेड्यावर, तो पुन्हा सायकलला हात लावणार नाही."

"लावताच कामा नये," ताई म्हणाली. तिच्या अंगाची लाही लाही होत होती. धाकट्याचे पाय आता कधीच हलणार नाहीत, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. खोटं बोलायला ती एका पायावर तयार होती.

ती खोलीत गेली. धाकटा जागा होता. गळ्याला पट्टा, ओठ सुकलेले. तिनं चमच्यानं पाणी पाजलं.

"ताई, ब्रेकला बोट नाही लावलं हं मी," तो म्हणाला. "खडू असता ना, तरी बोटं स्वच्छ निघाली असती."

ताईच्या हातातला चमचा तसाच राहिला.

खडूचं खूळ तिचंच. सराव संपत आला की रिकाम्या रस्त्यावर ती त्याच्या ब्रेकच्या दांड्यांना खडू फासायची आणि जीव खाऊन सायकल पळवायला लावायची. नंतर त्यानं सायकल आपोआप थांबू द्यायची आणि बोटं पुढे करायची. पांढरी दिसली की खरडपट्टी ठरलेली. "भित्र्या, ब्रेक दाबणारा दुसरा येतो!" एवढ्यानं भागलं नाही, तेव्हा ती स्वतः दुसऱ्या सायकलवर बसली. तो वेगात आला की त्याला भिंतीकडे दाबत न्यायची. पहिल्या दिवशी तो रडकुंडीला आला होता. मग हळूहळू बोटं स्वच्छ निघायला लागली आणि ताई कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटली.

"फट मिटत होती, दिसलं नाही तुला?" तिनं विचारलं.

"दिसलं की." तो म्हणाला. "मला वाटलं, उघडेल. तू नेहमी उघडायचीस."

तिला तिथेच हंबरडा फोडावासा वाटला. पण तिनं त्याचं तोंड पुसलं, बोटं हातात घेऊन निरखली आणि म्हणाली, "स्वच्छ आहेत रे."

तो हसला. बापरे, किती खूश झाला तो!

सुनावणीच्या खोलीत रेडा मान खाली घालून बसला होता. मॅनेजरनं खुणेनं ताईला धीर दिला. मुख्य पंचांनी विचारलं, "तुमच्या भावानं ब्रेक दाबला होता?"

"ह्यानं आपली सरळ वाट सोडून त्याला दाबलं, ते दाबलंच," ताई म्हणाली. "त्याची शिक्षा ह्याला द्या. पण ब्रेक दाबला नाही माझ्या भावानं."

मॅनेजरचा चेहरा पडला. पंचांना वाटलं, बाई भांबावलीय. त्यांनी आवाज खाली आणला. "त्या घाईत सुचलं नसेल त्याला."

"सुचू नये, हेच तर मी त्याला शिकवलं," ताई म्हणाली आणि पहिल्यांदाच तिनं रेड्याकडे पाहिलं. "मी शेवटच्या क्षणी बाजूला व्हायचे. तसा तूही होशील, असं वाटलं त्याला."