फिती बांधलेली झाडं

नरक्याच्या झाडाचं पान कुटलं की नळीत नुसता चिकट लगदा उरे. त्यातून डीएनए काही धड निघेना. पहिली खेप अशी वाया गेली, म्हणून पौर्णिमाने सिद्धगडाच्या उतारावरच्या प्रत्येक नरक्याला लाल फीत बांधून ठेवली होती. पुन्हा त्याच झाडांची कोवळी पानं न्यायची. इथला नरक्या इतर डोंगरांवरच्या नरक्याहून वेगळा आहे का, ते सांगणाऱ्या जनुकीय खुणा तिला शोधायच्या होत्या.

आज वाटाड्या नवसूबरोबर ती वर आली आणि जागीच थबकली. फिती मातीत लोळत होत्या. झाडांचे नुसते बुंधे उरले होते. आणि वरच्या घळीत कुऱ्हाड चालू होती.

घळीतलं झाड शेवटचं, फळांनी लगडलेलं. अर्ध्याहून जास्त चिरलेलं. तोडत होता भगीरथ, नवसूच्याच पाड्यावरचा.

"लाकूड औषधाला जातं गो ताय," तो हसला. "दरसाल शोधून जीव जायचा. यंदा तू फिती बांधल्या, आमाला झाडं डोळं मिटून गावली."

पौर्णिमाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने त्याची मानगूट धरून मागे खेचलं. त्याने कोपर हाणून तिचं नाक फोडलं.

"बाईमाणसाला मारतोस रे?" म्हणत नवसू धावला. कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या मनगटावर बसला, हाड कडकन मोडलं. मोडका हात तसाच धरून त्याने भगीरथच्या पोटात मुसंडी मारली. भगीरथ खोडावर आदळला. झाड करकरलं आणि त्याला घेऊनच खडकावर कोसळलं.

त्याचा पाय खोड आणि खडकाच्या मध्ये चेचला गेला. तो गुरासारखा हंबरू लागला.

झाड मात्र तुटलं नव्हतं. बुंध्याशी मनगटाएवढं लाकूड सालीसकट शाबूत होतं. तेवढ्यावर ते जगलं असतं. फळं पिकली असती, बी पडलं असतं.

पौर्णिमाने खोड उचलून पाहिलं. हललं नाही.

"बुंध्यानं धरलंय," नवसू मोडका हात छातीशी धरून म्हणाला. "तोडलं तरच सुटल. नायतर बसू दे हितंच. राखण करील झाडाची."

"नवशा, नको रे," भगीरथ रडत म्हणाला.

पौर्णिमाने ओठावरचं रक्त बाहीला पुसलं. फळं अजून हिरवी होती. तिने कुऱ्हाड उचलली. पहिला घाव खडकावर गेला, ठिणगी उडाली. दुसरा सालीत रुतला आणि नरक्याचा तो कुजका वास सुटला.

भगीरथ हंबरायचा थांबला.

"तिरका मार, ताय," तो म्हणाला. "जरा खाली."

तिने खाली मारला.