माझ्या पायावरची खाच

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. एका आरोग्य केंद्राच्या ओसरीवर, भाताच्या शेतांकडे तोंड करून उभी असते. आज माझा रंग पांढरा आहे, पण त्याच्या खाली हिरवा आहे आणि त्या दोघांच्या मध्ये काही वर्षांचा गंज. तुम्ही जवळ आलात तर माझ्या मागच्या डाव्या पायाकडे बघाल. सगळेच बघतात. तिथे अंगठा बसेल एवढी एक खाच आहे. तिची गोष्ट सांगताना मला अजून भीती वाटते. तरी सांगते, कारण ती कुणीच न सांगितल्यामुळे एकदा एक जीव जाता जाता राहिला.

माझा जन्म राजधानीतल्या एका लोहाराच्या कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या तापवून, वाकवून त्याने मला घडवलं आणि हिरवा रंग देऊन नदीकाठच्या इस्पितळात पाठवलं. तिथले दिवस सुखाचे होते. तापाने फणफणलेली माणसं माझ्यावर झोपत आणि बरी होऊन घरी जात. एक म्हातारी परिचारिका रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "ही खाट काही कुरकुरत नाही बाई. कुरकुरतात ते पेशंट." त्या कौतुकाने मी ताठ उभी राहत असे.

मग युद्ध गावापर्यंत आलं. एके दिवशी काळ्या कपड्यांतली माणसं आली आणि सगळं गाव रिकामं करून गेली, आजाऱ्यांसकट. मला बैलगाडीत टाकून दूरच्या एका खेड्यातल्या शाळेत नेलं. शाळेत मुलं नव्हती, कैदी होते. भिंतीवरचे फळे सरपणात गेले होते.

तिथे मी काय पाहिलं ते सगळं सांगणार नाही. तुम्ही लहान आहात, आणि ते पाहण्याएवढी मोठी तर मीही नव्हते. एवढंच सांगते, की माणसाच्या घोट्याला एक साखळी असे आणि तिचं दुसरं टोक माझ्या पायाला. माणूस हलला की साखळी घासे. खाच तशी पडली. शेवटी शेवटी माझ्या पायाला मेआस नावाचा एक सुतार बांधलेला होता. कूस बदलताना तो साखळी मुठीत आवळून धरायचा, म्हणजे तिचा आवाज होऊन शेजारचे दचकू नयेत. एका सकाळी त्याला घेऊन गेले. साखळी माझ्यापाशीच राहिली.

ती राजवट पडली. मला कुणीतरी चिंचेखाली फेकून दिलं आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. लढाई मात्र रानात पुढे कितीतरी वर्षं धुमसत राहिली. शेतांत सुरुंग पेरलेले होते आणि बांधांवर कवटीचं चित्र असलेल्या लाल पाट्या उभ्या होत्या.

हळूहळू देश सावरू लागला, तेव्हा राजधानीत नवं आरोग्य धोरण ठरलं. धोरण म्हणजे काय हे मला सारोएनसाहेबांच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झालं. ते प्रांताच्या आरोग्य कचेरीतले अधिकारी. ते सांगायचे, दर दहा हजार माणसांमागे एक केंद्र. बाळंतपण केंद्रातच व्हायला हवं, शिकलेल्या सुईणीच्या हातून, खाटेवर. गावच्या दाईने स्वतः ते करायचं नाही, बाईला केंद्रात आणायचं. चांगलं धोरण होतं, मित्रांनो. आमच्या देशात मोजकेच डॉक्टर जिवंत उरले होते आणि बायका बाळंतपणात मरत होत्या. फक्त खाट कुठून आणायची हे त्या धोरणात लिहिलेलं नव्हतं.

साहेबांच्या ट्रकने गावोगावचं पडलेलं लोखंड गोळा केलं, त्यात मीही गेले. मला घासलं, पांढरा रंग दिला आणि एका नव्याकोऱ्या केंद्रात आणून ठेवलं. शाळेतून दिसायचा तोच पॅगोड्याचा कळस खिडकीतून दिसला आणि मी ओळखलं. ती शाळा इथून जेमतेम दोन गावं पलीकडे होती. रंग दिला तरी खाच बुजली नव्हती.

केंद्राची सुईण कुन्थिया. ती सरहद्दीवरच्या निर्वासितांच्या छावणीत वाढली, तिथेच शिकली. त्या शाळेबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती मला रोज पुसायची, चादर ताणून घालायची आणि वाट बघायची. बायका मुलांना लस टोचायला येत, डोकेदुखीच्या गोळ्या नेत. पण खोलीच्या दारापाशी आल्या की त्यांची नजर माझ्या पायाकडे जाई आणि बोलणं तुटे. बाळंतपणाला एकही येत नव्हती.

गावची दाई होती न्येम. सगळे तिला येय म्हणत, येय म्हणजे आजी. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. पानाचा तोबरा भरून ती केंद्रावरून जाई आणि हाक मारी,

"काय गं डॉक्टरीणबाई, आज किती जणींना नदी पार करवलीस?"

आमच्याकडे बाळंतपणाला नदी पार करणं म्हणतात.

"एकीलाही नाही, येय. तुम्हीच पाठवत नाही."

"मी? मी काय दारात काठी घेऊन बसलेय?"

"मग का येत नाहीत? निदान तुम्ही तरी सांगा."

येय न्येमने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "छावणीत वाढलीस पोरी. तुला नाही कळायचं."

त्या काळात ज्यांनी तोंड उघडलं ते परत आले नव्हते. जे उरले ते गप्प राहायला शिकले होते, आणि ती सवय अजून सुटली नव्हती.

कुन्थियाला वाटलं, शेकाची अडचण असावी. बाळंतिणीला बांबूच्या बाजेवर निजवून खाली निखारे ठेवायची आमची रीत. म्हणून तिने माझ्याखाली मातीची शेगडी आणून ठेवली. तरी कुणी आलं नाही. आले ते सारोएनसाहेब.

"शेगडी? बाळंतपणाच्या खोलीत? कुन्थिया, हे केंद्र आहे की खानावळ?"

"साहेब, बायकांना शेक लागतो. त्यासाठीच..."

"अंधश्रद्धा आहे सगळी! वर्ष झालं, या खाटेवर एक बाळंतपण नाही. असंच चाललं तर केंद्र इथून हलवायचं म्हणतात वरचे."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, "शेगडी नाही हो, माझा पाय बघा!" पण लोखंडाला तोंड नसतं. रोज मला एकच भीती वाटे. कुठल्यातरी घरात कुठलीतरी बाई माझ्या भीतीने घरीच राहील आणि मरेल.

तो दिवस आलाच. दुपारची वेळ होती आणि साहेब पुन्हा तपासणीला आले होते. इतक्यात बैलगाडी धावत आल्याचा आवाज झाला. गाडीत येय न्येमची मुलगी फल्ली होती. मूल घरी, येयच्याच हातावर झालं होतं. पण बाळामागची वार आतच अडकली आणि रक्त थांबेना. गाडीवान म्हणत होता, शेतातून आलो असतो तर लवकर पोचलो असतो. येयनेच अडवलं होतं, "लाल पाट्यांमधून नाही जायचं. एकीला वाचवताना सगळेच उडाल."

चौघांनी फल्लीला झोळीत उचलून आत आणलं. ती पांढरी पडली होती. तरी माझा पाय दिसताच तिने दाराची चौकट घट्ट धरली.

"नाही. तिथे नाही. आई, ही तीच खाट आहे."

"सोडा ती चौकट!" साहेब ओरडले. "चांगली नवी खाट आहे!"

"नवी?" येय त्यांच्याकडे वळली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. "साहेब, तुमच्या रंगाखाली काय आहे ते विचारलंत कधी कुणाला? ही त्या शाळेतली खाट आहे. माझी ही पोर आठ वर्षांची होती. तिला तिथे पाणी भरायला लावायचे. तिचा बाप या पायाला बांधलेला होता. तिने डोळ्यांनी पाहिलंय."

झोळीतून रक्त ठिबकत होतं. थेंब पडल्याचा तेवढा आवाज येत होता.

कुन्थिया येयच्या पायाशी बसली. "येय, मला ठाऊक नव्हतं. पण हिचे पाय उंच करायला हवेत. खाटेची पायांकडची बाजू विटांवर चढवते. जमिनीवर नाही जमणार, आणि दुसरी खाट नाही. वेळही नाही हो."

येय न्येमने लेकीकडे पाहिलं. मग ती माझ्याकडे आली. मित्रांनो, एवढी भीती मला त्या शाळेतही वाटली नव्हती. वाटलं, ही आता मला लाथ मारेल. तेवढा हक्क होता तिचा.

ती माझ्यावर चढली आणि आडवी झाली. हात खाली सोडून तिने चाचपत खाच शोधली आणि तिच्यात अंगठा घातला.

"मेआस," ती म्हणाली, "सरक जरा. पोरीला जागा दे."

थोडा वेळ ती तशीच पडून राहिली. मग उठली. फल्लीच्या हाताची चौकटीवरची पकड सुटली होती. येयने स्वतः तिला माझ्यावर निजवलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. विटा आणायला साहेब धावले आणि त्यांनीच मला उचलून धरलं. कुन्थियाने सलाईन लावलं, हात घालून वार काढली, पोट दाबून धरलं. फल्लीचे पाय थंड पडत होते. मी आयुष्यात कधी कुरकुरले नव्हते. त्या दुपारी कुरकुरू नये म्हणून मी सगळा जीव पणाला लावला. उन्हं कलली तेव्हा रक्त थांबलं. फल्लीने पाणी मागितलं, आणि गाडीत शेजारणीच्या मांडीवर असलेलं मूल भुकेने रडू लागलं.

"आता शेक हवा," येय म्हणाली.

कुन्थियाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या सदऱ्याला विटांची माती लागली होती. त्यांनी कोपऱ्यात सारलेली शेगडी उचलली. "दाराशी ठेवू. धूर बाहेर जाऊ दे."

"म्हणजे खानावळ चालू झाली म्हणायची," येय न्येम म्हणाली, आणि मग पदराने तोंड झाकून रडली.

पुढे साहेबांनी खरोखरच नवी खाट आणली. मला भंगारात देणार होते. येय म्हणाली, "तिला ओसरीवर राहू द्या. बाळंतिणीसोबत आलेल्या बाया कुठे पाठ टेकतील?" म्हणून मी इथे आहे. धोरणाच्या कागदात काही बदललं का, मला माहीत नाही. पण आता ट्रकवर एखादी वस्तू चढवण्याआधी साहेब गावातल्या म्हाताऱ्यांना विचारतात, ही कुठली, इथे कोण होतं. आणि नव्या खाटेवर बायका येतात. येयच त्यांना घेऊन येते, पान चघळत, सुईणीला टोमणे मारत.

मित्रांनो, रंग गंज झाकतो, भीती झाकत नाही. कुणी तुमच्या दारात येऊन थबकलं, तर त्याला वेडं म्हणू नका. शेजारी बसा आणि काय दिसलं ते विचारा. सांगायला त्याला वेळ लागला तरी थांबा.

माझी भीती अजून गेलेली नाही. शेतातून एखादा बैल साखळी ओढत गेला की मी आतून थरथरते. पण फल्लीची ती मुलगी आता पाच वर्षांची झाली आहे. दुपारी ती ओसरीवर माझ्याशी खेळते. परवा तिने खाचेत अंगठा घालून विचारलं, "येय, हे काय आहे?"

येय न्येमने आधी शेतांकडे पाहिलं. मग नातीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "बैस. तुला तुझ्या आजोबांची गोष्ट सांगते."